लेबल खरवडलेली बाटली

ती दुपार अजूनही माझ्या डोळ्यांपुढून हटत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. हिवाळ्याचं मऊ ऊन, जिनिंगमधून उडून आलेला कापूस, आणि अख्खं ठाणं पेंगलेलं. तेवढ्यात फोन आला.

"साहेब, शेजारची सून सासूले गांजा चारून राहिली. परवाच भांगेची बाटली आणताना पाहिलं तिले. बुढी सकाळपासून उठतच नाही."

स्टेशन डायरीत नोंद करून आम्ही निघालो. म्हातारी अंगणात बाजेवर निजली होती. हाक मारली की डोळे किलकिले करी, कुणाकडे तरी पाहून हसे आणि पुन्हा झोपेत बुडे. इतकी सुखाची झोप मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती, आणि तिचीच मला भीती वाटली. तिला दवाखान्यात पाठवून झडती घेतली. स्वयंपाकघरातल्या फळीवर तेलाची बोटभर बाटली मिळाली, अर्धी रिकामी, लेबल खरवडलेलं.

सून शाळेत शिक्षिका. अटक झाली की नोकरीवर गदा. महिला अंमलदारासमोर तिने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली.

"माझं औषध आहे साहेब, भांगेच्या पानाचं तेल. मले झोप येत नाही. जिभेखाली चार थेंब घेतो. भांगेचं नाव पाहून सासूबाई काय म्हणतील, म्हणून मीच लेबल काढलं."

"परवा आणलेली बाटली चार-चार थेंबांनी अर्धी होते?"

ती पुन्हा चिठ्ठीच पुढे करू लागली. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून मी अटकेचे कागद तयार करायला सांगितले. आज त्याची लाज वाटते.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी समजावलं. "या तेलात नशा फारशी नाही, पण गुंगी आहे. पोटात गेलं तर उशिरा चढतं आणि तासन्‌तास उतरत नाही. झोपेच्या गोळीबरोबर, दारूबरोबर घेऊ नये, घेऊन गाडी चालवू नये. आणि झोप येतेच याची खात्री आम्हीही देत नाही."

संध्याकाळी म्हातारी जागी झाली. सकाळी काय खाल्लं, ते विचारलं.

"भाकर न् ठेचा. ठेच्यावर कच्चं तेल लागतेच मले. फळीवरच्या बाटलीतलं तिळाचं वाटलं, वतलं दोन चमचे."

कागद तिथेच थांबले. औषध लपवलं की ते धोक्याचं होतं, आणि पोलिसाने आरोप ऐकण्याआधी जेवणाचं ताट पाहावं, एवढं मी त्या दिवशी शिकलो.

सुनेला आत बोलावलं. ती खाटेच्या पायथ्याशी उभी राहून रडत होती. म्हातारीने तिचा हात धरला.

"तू रातभर जागी रायतं, हे मले काहून नाही सांगितलं वं पोरी?"