पुठ्ठ्यावरचे बारकोड

लुत्सीनाबाई गोदामात लागल्या तेव्हा पोलंडमधल्या आमच्या वूच शहरातल्या गिरण्या बंद पडून बराच काळ लोटला होता. ज्या दालनात त्यांनी ऐन उमेदीत माग चालवले, त्याच दालनात आता लोखंडी रॅक उभे होते आणि रॅकवर खोके. दवाखान्यांची कागदपत्रं, व्यापाऱ्यांची बिलं आणि बुडालेल्या गिरण्यांच्या कामगारांचे पगारपट. माणसं घरी बसली, कागद तेवढे कामावर राहिले, असं लुत्सीनाबाई म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या.

त्यांच्या हातात बिनतारी स्कॅनर आला. नियम साधा होता. खोका रॅकवर ठेवायचा, मग रॅकचा बारकोड टिपायचा, मग खोक्याचा. यंत्र वाजलं की खोका कुठे आहे ते ऑफिसातल्या संगणकाला कळायचं. पण हा नियम करणाऱ्या शहाण्याने मागचं दालन कधी पाहिलंच नसावं. हातभर जाडीच्या भिंती, आत सगळं लोखंडच लोखंड, तिथे नेटवर्क पोचतंय कसलं! यंत्र ढिम्म, आणि बाई शिडीवर लटकलेली. शेवटी बायकांनीच अक्कल लढवली. मागच्या दालनातल्या सगळ्या रॅकचे बारकोड छापून एका पुठ्ठ्यावर चिकटवले आणि पुठ्ठा दालनाच्या तोंडाशी असलेल्या कमानीपाशी खिळ्याला टांगला. तिथे नेटवर्क यायचं. कमानीत उभं राहून पुठ्ठ्यावरचा रॅक टिपायचा, ढकलगाडीवरचा खोका टिपायचा आणि मग गाडी आत न्यायची. गोदामप्रमुख रादेकला हे ठाऊक होतं, पण काम होतंय म्हटल्यावर तो कशाला बोलतोय.

त्या दिवशी लुत्सीनाबाईंचा नामदिन, म्हणजे त्यांच्या नावाच्या संताचा दिवस होता. आमच्याकडे वाढदिवस एक वेळ विसरतील, नामदिन नाही, आणि ज्याचा नामदिन त्यानेच सगळ्यांना केक खाऊ घालायचा. कॉफी ओतून तयार. "अगं ये की लुत्सीना, का आम्हीच संपवू?" बायकांच्या हाका चाललेल्या. शेवटच्या गाडीवर त्यांच्याच गिरणीचे पगारपट होते. बाईंनी भराभर पुठ्ठ्यावरून टिपले, आत जाऊन खोके लावले, तर एका खोक्याला रॅकवर जागाच उरली नाही. वरचा कप्पा मोकळा होता, पण शिडी पार दुसऱ्या टोकाला. समोरचा रॅक अर्धा रिकामा दिसला. केक खाऊन येते आणि उचलते, असं म्हणून त्यांनी खोका तिथे ठेवला. मग कॉफी झाली, गप्पा रंगल्या, आणि खोका डोक्यातून साफ गेला.

समोरच्या रॅकवर कुणा व्यापाऱ्याची मुदत संपलेली बिलं होती. थोड्याच दिवसांत कागद फाडणारी गाडी आली. गाडीवाल्यांनीही पुठ्ठ्यावरूनच रॅकचा बारकोड टिपला आणि रॅकवर होतं नव्हतं ते सगळं उचलून नेलं. रिकामा रॅक पाहिला तेव्हा बाईंना खोका आठवला. पण कोण मागायला येतंय तो खोका, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

मागायला आली बोझेना. गिरणीत ती रंगखात्यात होती, लुत्सीनाबाईंची जुनी मैत्रीण. रंगखात्यातल्या वाफा छातीत घेतलेल्या बायकांना पंचावन्नला पेन्शन मिळायची, बाकीच्यांना साठला. गिरणी गेल्यापासून बोझेना इस्पितळात फरशा पुसत होती आणि तिच्या गुडघ्यांची पार वाट लागली होती. पेन्शन कचेरीला तिच्या खात्याचं नाव असलेले पगारपट हवे होते, आणि ते नेमके त्याच खोक्यात होते.

"तू आहेस म्हणून निर्धास्त आहे बघ मी," बोझेना म्हणाली. "मला फक्त कागद दे. ती बादली मी त्याच दिवशी खिडकीतून फेकते."

रादेकने संगणकावर पाहिलं, रॅकवर जाऊन आला, मग लुत्सीनाबाईंना बाजूला घेतलं. "बाई, खोका तुमच्याच नंबरावर टिपलाय हो. मग गेला कुठे?"

"यंत्र अडकलं असेल. मागे नेटवर्क जातं, तुम्हाला माहीत नाही का?"

"ते खरं. पण पंचाईत अशी की नुसतं सापडत नाही म्हटलं तर कचेरी ऐकत नाही, शोधा म्हणते. खोका आमच्या हातून नष्ट झाला असं कुणी लेखी दिलं असतं, तर मी तसा दाखला दिला असता. मग बरोबर काम केलेल्यांच्या साक्षीवर भागतं."

इथे तोंड उघडायचं होतं हो. एक वाक्य पुरेसं होतं. पण एक वाक्य म्हणजे नोकरी, आणि या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? उद्या सांगू, असं लुत्सीनाबाईंनी ठरवलं. उद्या उजाडल्यावर पुन्हा तेच ठरवलं.

वर आणखी काय केलं, तर खोका शोधला! जो खोका भुसा होऊन गेलाय तो शिडीवर चढून, रॅकमागे वाकून, जेवणाच्या सुट्टीत शोधला. बोझेनाला ते कळलं तेव्हा ती सांगायला आली, "पुरे गं आता. पडलीस तर मला आयुष्यभर टोचणी लागेल." लुत्सीनाबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. पण बोलल्या नाहीत त्या नाहीतच.

बोझेना फरशा पुसत राहिली. गुडघ्यांना पट्ट्या बांधून, नंतर नंतर भिंतीला धरून. दोघी बाजारात भेटायच्या, बोझेना यंत्रांना शिव्या घालायची, लुत्सीनाबाई मान हलवायच्या. वर्षं अशी गेली.

बोझेनापेक्षा त्या थोड्या मोठ्या, म्हणून आधी निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी स्कॅनर रादेकच्या टेबलावर ठेवला आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. मग त्याने दाखला टाइप करून सही केली.

तो घेऊन त्या तशाच बोझेनाकडे गेल्या. बोझेना कामावर निघण्याच्या तयारीत पट्ट्या बांधत होती. तिने दाखला वाचला. खाली जबाब देणारी म्हणून लुत्सीनाबाईंचं नाव होतं, वर खोका फाडला गेल्याची तारीख.

"म्हणजे मी आले तेव्हाच तुला माहीत होतं."

"हो."

"पुढच्या महिन्यात साठ पूर्ण होतील मला. आता काय करू याचं?" तिने कागद घडी करून परत दिला.

"बोझेना, मला नोकरी जायची भीती वाटली गं."

"वाटणारच. मला सांगितलं असतंस तर मीच म्हटलं असतं, गप्प बस, बोलू नकोस कुठे." बोझेनाने भिंतीला धरून कोट चढवला. "पण मला विचारायचं तरी होतंस."