चार दिवसांसाठी आलेल्या सासूबाई

गेल्या रविवारी आम्ही गाडी काढून काटोल-नरखेडकडे फिरायला गेलो... मी, नवरा, आमची आठ वर्षांची ईरा आणि सासूबाई. ऑफिसात सांगितलं तर एकीने विचारलं, "कोणाचं लग्न होतं का तिकडे?"

म्हणजे बघा, नागपूरकरालाच नरखेड ही फिरायला जायची जागा वाटत नाही. मग पुण्याच्या सासूबाईंना काय वाटणार...

थोडं मागचं सांगते. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून आई पुण्यात एकट्या, तिसरा मजला, लिफ्ट नाही. दिवाळीला आग्रहाने इकडे आणलं आणि तेव्हापासून आमचं एकच टुमणं, आता इथेच राहा.

त्यांचंही उत्तर एकच... "मी चार दिवसांसाठी आलेय." दूधवाला, शेजारच्या काकू, देवळातले गुरुजी, जो विचारेल त्याला हेच. दिवाळीपासून संक्रांत उलटून गेली तरी त्यांचे चार दिवस काही संपेनात. पण परतीचं तिकीट मात्र पुढच्या शुक्रवारचं काढलेलं होतं.

मला त्यांनी जायला नको होतं. आमचं वाजतं, नाही असं नाही... पण त्या असल्या की घर भरलेलं वाटतं. आणि त्या तिकडे गेल्या की फोन वाजला तरी काळजात धस्स होतं.

तर म्हटलं, जाण्याआधी आपला मुलूख तरी दाखवू. सुरुवात काय वर्णावी... नवऱ्याने सरळ काटोल रोड सोडून अमरावती रोड धरला आणि वाडीला आम्ही ट्रकांच्या मधोमध अडकलो. गोडाऊन, धूळ, हॉर्न. आईंनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "छान आहे हो तुमचं विदर्भदर्शन."

माझ्या गावाला नावं ठेवली की माझं डोकंच फिरतं. पण शुक्रवार आठवला आणि तोंडातले शब्द गिळले.

कोंढाळी मागे पडली, काटोल गेलं, रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे. लोक इकडे येतात ते फळं असताना, पण आता झाडं फुलावर होती. तो वास ज्याने घेतला नाही त्याला सांगून काय उपयोग... मोगऱ्याचा धाकटा भाऊ म्हणा. आईंनी काच खाली केली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "गाडी थांबव रे जरा."

एका बगीच्यात विहिरीजवळ मालकीणबाई डबा उघडून बसल्या होत्या. आईंच्याच वयाच्या. ओळख ना पाळख, आम्हाला पाहिलं आणि हाक मारली, "या न माय, जेवाले या." आम्ही नको नको म्हणेपर्यंत त्यांनी भाकरीचे तुकडे केलेसुद्धा. सोबत सोल्याची, म्हणजे ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी... तिखटजाळ. आईंच्या डोळ्यांतून पाणी, पण हात थांबेना.

सासरे गेल्यापासून मी त्यांना इतकं पोटभर जेवताना पाहिलं नव्हतं.

मग त्या बाईंनी सहज विचारलं, "कुठं राहून राहिल्या माय सध्या?"

आता, आईंनी आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलंय. ईरा "मी खेळतेय"ऐवजी इकडच्यासारखं "मी खेळून राहिली" म्हणाली की तिला तिथल्या तिथे दुरुस्त करतात. एका वाक्यात दोन क्रियापदं कशाला कोंबता, असं त्यांचं म्हणणं. मला वाटलं, आता एक तर व्याकरण निघणार, नाहीतर ते चार दिवस.

आईंनी घास संपवला. म्हणाल्या, "नागपूरलाच. मुला-सुनेकडे... राहून राहिले."

नवऱ्याला ठसका लागला. मी विहिरीकडे तोंड फिरवलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि ते भाजीमुळे नव्हे. त्या बाईंना यात काहीच नवल वाटलं नाही. "बरं करून राहिल्या," म्हणाल्या आणि आईंना आणखी भाजी वाढली.

आमच्या ईराला मात्र राहवलं नाही. "आजी, चुकलं. राहते म्हण."

"असू दे गं," आई म्हणाल्या. "राहते म्हटलं की नुसता पत्ता सांगितल्यासारखं वाटतं."

सोमवारी सकाळी चहा घेता घेता त्यांनीच नवऱ्याला तिकीट रद्द करायला सांगितलं. मी त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

त्या बाईंचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं. माय, आम्ही तीन महिने जे मागत होतो ते तुम्ही एका साध्या प्रश्नात मिळवून दिलंत... तुमचे फार उपकार आहेत.