सतरा नंबरची घंटी

नागपुरात बर्डीवरच्या त्या जुन्या हॉटेलसमोर माझा नवरा दर खेपेला थांबायचा. आम्ही पुसदचे. नागपूरला येणं व्हायचं ते लग्नाकार्याला, नाहीतर धंतोलीत कुणाला डॉक्टरला दाखवायला. काम आटोपलं की हा त्या फाटकासमोर उभा. नागपुरात कॉलेजला असताना याच फुटपाथवरून त्याने तो पोर्च, तो रुंद लाकडी जिना आणि मोटारीतून उतरणारी माणसं पाहिली होती. "एकदा तं आत झोपाचं आहे मले," म्हणायचा. मी म्हणायची, "घरी काय उभ्यानं झोपता?"

शेवटी तो आत झोपला, पण त्याला निमित्त झालं हृदयाच्या ऑपरेशनचं. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी त्याने रिक्षा थेट त्या हॉटेलात नेली. मीही फार ताणलं नाही. मनातून मी घाबरलेली होते आणि घाबरले की मी नाही म्हणायचं विसरते.

हॉटेलची रया गेली होती. नागपूर मध्यप्रांताची राजधानी असताना बांधलेली वास्तू ती. तेव्हा तिथे साहेबलोक आणि मँगनीजचे व्यापारी उतरत. पुढे हिवाळी अधिवेशनात आमदारांची गर्दी असायची. आता सगळे आमच्यासारखे. हातात एक्स-रेची पाकिटं, पिशवीत थर्मास, आणि जिन्यावर एकमेकांना काही न विचारता बाजूला होणारे. मागची अख्खी बाजू कुलूप लावून बंद ठेवली होती. छताला दोरीने ओढायच्या जुन्या पंख्यांचे आकडे अजून तसेच होते. उताणं पडलं की डोळा नेमका त्यांच्यावरच जायचा. मला ते मुळीच आवडले नाहीत.

आम्हाला सतरा नंबरची खोली मिळाली. पलंगाशी पितळी चकतीत एक पांढरं बटण होतं. ते दाबलं की खाली जेवणघरात घंटी वाजायची आणि भिंतीवरच्या काचेच्या पेटीत त्या खोलीच्या नंबरची पट्टी खाली पडायची. नवऱ्याने संध्याकाळभर त्या बटणाचा पिच्छा पुरवला. दर वेळी एक आडव्या अंगाचा वेटर पाण्याचा गिलास घेऊन हजर. ना कपाळाला आठी, ना घाई.

"पाहून घे वं," नवरा मला म्हणाला, "बटन दाबलं का माणूस येते. घरी तं गळा फाडला तरी कोनी येत नाही."

"घरी पाय आहेत तुम्हाला," मी म्हटलं. आमच्या घरातलं हे रोजचंच भांडण होतं. तो झोपाळ्यावरून पाणी मागायचा आणि मी स्वयंपाकघरातून त्याच्या पायांची चौकशी करायची.

तो भरती झाल्यावर खोली माझ्याकडेच राहिली. दवाखान्यात माझा धाकटा दीर बसायचा आणि दुपारी मला जबरदस्तीने आराम करायला पाठवायचा. मे महिना होता. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. मी वर न जाता जेवणघरातच वाळ्याच्या कूलरसमोर बसायची. अशीच बसले असताना घंटी वाजली आणि पेटीत बंद बाजूच्या एका खोलीची पट्टी पडली. वेटर उठला, गिलास भरला, जिना चढून गेला आणि हात हलवत परत आला.

"तिकडे तर कुलूप आहे ना?" मी विचारलं.

"हाव."

"मग पाणी काहून नेलं?"

"घंटी वाजली तं जा लागते, ताई. दाराशी ठेवून देतो." एवढं बोलून तो पट्टी वर करून आपल्या जागी बसला.

बाकीचं म्हाताऱ्या मॅनेजरने सांगितलं. फार जुन्या काळी, अशाच उन्हाळ्यात, एक पाहुणा बाहेरून आला आणि किल्ली न घेताच वर गेला. खोली उघडीच राहिली होती. इथे खाली त्याची किल्ली फळीवर टांगलेली, म्हणजे पाहुणा बाहेर, असा सगळ्यांचा हिशेब. घंटी वाजत राहिली. रिकाम्या खोलीची कशी वाजेल, वायर बिघडली असेल, म्हणून कुणी उठलं नाही. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा त्याला ऊन लागून तो गेलेला होता. त्याचा हात बटणावरच होता म्हणतात. तेव्हापासून तिथे कुणी घंटीची शहानिशा करत नसे.

"उंदीर असतील," मी म्हटलं. "वायर कुरतडतात मेले."

"असतीलही," मॅनेजर म्हणाले. "पण गेलेलं बरं."

ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले. शुद्ध यायला संध्याकाळ होईल म्हणाले. दिराने मला नेहमीसारखं पिटाळलं. मी जेवणघरात बसले होते, सतराची किल्ली माझ्या मुठीत होती. घंटी वाजली. मी सहज वर पाहिलं. सतराची पट्टी पडली होती.

वेटरने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या किल्लीकडे. उंदरांचं नाव माझ्या तोंडून निघेना. त्याने गिलास भरला आणि या वेळी तो माझ्यापुढे धरला.

मी जिना चढले. मध्येच माझा फोन वाजायला लागला. दिराचा होता. मी घेतला नाही. एका हातात पाणी होतं आणि मला ते सांडायचं नव्हतं. कुलूप काढलं. आत कुणी नव्हतं. माझी साडी खुर्चीवर, त्याची चप्पल पलंगाखाली. गिलास त्याच्या उशाशी ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "आणलं हो." मग फोन घेतला. दीर रडत होता.

या वर्षी ते हॉटेल पाडायला घेतलं. मी मुद्दाम नागपूरला गेले, मुकादमाच्या हातापाया पडून सतरातलं बटण आणि खालची एक घंटी मागून आणली. पुसदला आमच्या गल्लीतल्या वायरमनकडून बटण पलंगाशी बसवून घेतलं, घंटी स्वयंपाकघरात.

"काकू, वायर कुठून घेऊ?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "वायर नको. वायर असली की उंदीर वाजवतात."