शेवटच्या दिवशी पोहोचलेली हरकत

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जो बग पुन्हा करून दाखवता येत नाही तो बगच नाही, असं म्हणून मी बऱ्याच जणांची तोंडं बंद केली आहेत. भुताखेतांच्या गप्पा रंगल्या की मी चहा करायला उठणारी. तरीही हे लिहितेय, कारण हे माझ्याच बाबतीत घडलं... आणि तेही भर दुपारी, सरकारी कचेरीत.

हडपसरला आयटी पार्क नुकती उभी राहत होती, तेव्हाची गोष्ट. मी अकोल्याहून नोकरीसाठी आलेली. आमच्या सोसायटीसमोर एक मोकळा प्लॉट होता, शहराच्या विकास आराखड्यात खेळाच्या मैदानासाठी राखून ठेवलेला. तिथे सुनीताताई वस्तीतल्या मुलींना खो-खो शिकवायच्या. त्या मूळ हडपसर गावातल्याच एका शेतकरी घरातल्या सूनबाई, आणि त्यांच्या हाताखालच्या दोन मुली त्या वर्षी जिल्ह्याच्या संघात गेल्या होत्या.

मग पेपरात पालिकेची जाहीर नोटीस आली — मैदानाचं आरक्षण उठवून तिथे दुकानं आणि ऑफिसं होऊ द्यावीत, असा प्रस्ताव आहे. कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी द्यावी. आमच्या सोसायटीत यावर भरपूर चर्चा झाली, मुख्यतः तिथे दुकान कशाचं यावं याची. सुनीताताई माझ्याकडे आल्या.

"मॅडम, तुमी लिवा. आमचं लिवलेलं कोण वाचनार हाय? दुसरं मैदान न्हाई. आन पोरी घरात बसल्या, की लगीन लावून देत्यात."

मी फुलस्केपवर हाताने हरकत लिहिली. ताईंनी घरोघरी फिरून आयांच्या सह्या आणि अंगठे घेतले. कागद पालिकेत नेऊन द्यायचं काम तेवढं माझं. मी रोज "उद्या नक्की" म्हणत राहिले. शेवटच्या दिवशी हाफ डे टाकणार होते, पण नेमका सॉफ्टवेअरचा रिलीज आला, पगारवाढीचं अप्रेझल तोंडावर होतं, आणि मॅनेजर म्हणाला की आज नको. मी मान डोलावली आणि कामात सगळं विसरले. संध्याकाळी कंपनीच्या बसमध्ये बॅग उघडली तर कागद आतच. पालिका तोवर बंद झालेली.

दुसऱ्या दिवशी ताई भेटल्या. "दिला का कागद?" आणि मी चक्क "हो" म्हटलं. याची लाज मला अजून वाटते.

दीडएक महिन्याने पालिकेचं पत्र आलं — आपल्या हरकतीवर सुनावणी आहे, उपस्थित राहावे. हे चुकून आलं असणार. कागद तर बॅगेच्या त्याच कप्प्यात होता. तो घेऊन ताईंबरोबर गेले. म्हटलं, तिथे काहीतरी सारवासारव करू.

अधिकाऱ्यांनी फाइल उघडली. आत माझी हरकत होती. झेरॉक्स नव्हे — माझं अक्षर, माझं निळं पेन, तिसऱ्या ओळीतली माझी खाडाखोड, अंगठ्यांची जांभळी शाई मागच्या बाजूला फुटलेली. वर शेवटच्या तारखेचा शिक्का. मी बॅगेतला कागद काढून शेजारी ठेवला. शिक्का सोडला तर दोन्हींत तसूभरही फरक नव्हता.

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, एक प्रत पुरते. दोन दिल्या म्हणून आम्ही दोनदा वाचत नाही."

मी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा ताडून बघत होते. ताई मात्र बोलल्या. "साहेब, दुकानं कुटं बी व्हत्यात. आमच्या पोरींना पळायला येवढीच जागा हाय." साहेबांनी ते लिहून घेतलं.

निघताना मी आवक खिडकीवर विचारलं, हा कागद कोणी आणून दिला होता? कारकुनाने रजिस्टर काढलं. समोर माझीच सही.

"तुम्हीच की. आमची जेवणाची सुट्टी झाली तरी हलला नाहीत. पोच घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणालात. विसरेन कसा?"

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसच्या दारावरचं कार्ड स्वाइपचं रेकॉर्ड मागवलं. त्या तारखेला मी सकाळी आत गेले ती थेट संध्याकाळी बाहेर. मधे एकदाही नाही.

काही महिन्यांनी निर्णय लागला. आरक्षण कायम. ताई हसत घरी आल्या आणि मला राहवलं नाही. मी रडतरडत सगळं सांगून टाकलं, खोटं बोलल्याचंही. वाटलं, आता चिडतील.

"म्हंजे एक तुमी हापिसात, आन एक तुमी तिकडं?"

"असंच दिसतंय, ताई."

"मंग तिकडं गेलेली बी तुमीच की. रडताय कशापायी?"

मीच जाऊन विसरले म्हणावं, तर अख्खी टीम साक्षीला आहे. कोणी तोतया म्हणावी, तर तेवढ्या बायांचे अंगठे तिने कुठून आणले? मैदानावर मुली अजून धावतात आणि लोक त्याचं श्रेय मला देतात. मी त्यांना खरं ते सांगते — त्या दिवशी रजा त्या दुसरीने टाकली होती, मी नाही. त्यानंतर मात्र अशी नोटीस आली की रजा मीच टाकते.