ठकुबाईंचा मोहरीचा लेप

जयनगरच्या त्या गल्लीत कुणाची कंबर धरली की लोक डॉक्टरच्या आधी ठकुबाईंना गाठत. बाई मोहरी वाटायच्या, कणकेत कालवायच्या आणि फडक्यावर पसरून दुखऱ्या जागी बांधायच्या. कातडी लाल झाली की रक्त धावलं, दुखणं पळालं! घड्याळाशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. आग सोसेना झाली की माणूस आपणच कानडीत ओरडायचा, "साकु, अक्का!" म्हणजे पुरे; तेव्हाच फडकं सुटायचं. त्याआधी उघडून बघायची कुणाची बिशाद नव्हती.

त्या दुपारी लेप नवऱ्याच्याच, आप्पाजींच्या, सुजलेल्या घोट्याला होता. आप्पाजींना साखरेचा जुना आजार. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय साधा फोड चिघळून गुडघ्याखाली कापावा लागला होता, म्हणून कानडी सून पवित्रा दारातच घुटमळत होती.

"अत्ते, सोडा ना आता. माझ्या मिरचीच्या मलमाच्या ट्यूबवरसुद्धा लिहिलंय, साखर असेल तर डॉक्टरांना विचारून लावा."

"तुझी ट्यूब तुझ्यापाशी ठेव. एव्हाना भल्याभल्यांनी बोंब ठोकली असती. ह्यांचं बघ, हूं नाही की चूं नाही!"

ठकुबाई तोऱ्यात बोलल्या खऱ्या, पण मनात पाल चुकचुकली. एवढा वेळ आजवर कुणी तग धरला नव्हता. आप्पाजी तोंडावर पेपर घेऊन आडवे पडले होते.

"अहो, भाजतंय का?"

"काय भाजतंय? लेप लावलास कुठं अजून?"

बाई फडक्याची गाठ सोडायला धावल्या. गाठ सुटेना. पवित्रानं कात्रीनं फडकं कापलं. घोटा लालभडक झालेला, वर टपोरे फोड, एक फुटून पाणी वाहत होतं. पाय शेजाऱ्याचा असावा तसे आप्पाजी बघत राहिले.

रिक्षात ठकुबाई रडत-रागावत विचारत राहिल्या, "कधीपासून बधिर आहे हो? बोलला का नाहीत?"

"कळतं की पायाला. स्वल्प कमी, एवढंच."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम बांधली. पाय वाचेलच असं त्या म्हणाल्या नाहीत. मग दुसरा पाय पुढं घ्यायला लावला. "डोळे मिटा. कापूस लागला की सांगा."

"हां," आप्पाजी घाईनं म्हणाले. "आता टाचेला. हां, आता बोटाला."

डॉक्टरीणबाईंनी कापूस अजून उचललाच नव्हता. ठकुबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला.