डोणगावच्या मशीनचा वेग

मंगळवार. सकाळपासून ढग. वारा अजिबात नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात किस्से धुळीसारखे जमतात. डबा उघडला की निघतात. पण एकाच मशीनचे एवढे पहिल्यांदाच जमले. मेहकरच्या आमच्या दुकानात भास्कर आणि मी, दोघंच. मशीन डोणगावच्या सुमनताईंचं. नवरा हिवाळ्यात गेला, तेव्हापासून ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र त्या एकट्या चालवतात.

*

मशीन सुरू होईपर्यंत भास्करचा चहा पिऊन झाला. "कॉम्प्युटर हाय का बैलगाडी बे ही?" तो माझ्या कानाशी पुटपुटला.

प्रोसेसर ३.६ गिगाहर्ट्झवर पळायला हवा, तो ०.८ वर अडकलेला. एका फॉर्मला इतका वेळ लागे की गिऱ्हाईक उठून जाई.

"शनिवारपर्यंत झालं त ठीक, भाऊ," ताई म्हणाल्या. "नाही त केंद्र बंद करून पिंपळगाव राजाले भावाकडे जाईन."

*

व्हायरस नाही, धूळ नाही, गरम होत नाही. मग बायोस उघडलं, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणारा मशीनचा मूळ प्रोग्राम. तिथे प्रोसेसरचा वेग कमीवर बांधून ठेवलेला होता. मी सेटिंग बदललं. मशीन पळालं.

"उतरलं भूत," भास्कर म्हणाला.

डोणगावला नेऊन ताईंच्या टेबलावर लावलं. ०.८. सेटिंग पुन्हा पहिल्यासारखं.

*

बायोसचा सेल संपला की सेटिंग टिकत नाहीत, म्हणून सेल बदलला.

"सेल गेला असता त घड्याळ बी चुकलं असतं," भास्कर म्हणाला. "ते काऊन बरोबर हाय?"

नव्या सेलवर दुकानात ३.६, डोणगावात ०.८.

*

गुरुवारी ताईंच्याच टेबलावर बसून बायोसचं पान न् पान वाचलं. शेवटी, नाव देऊन साठवलेला सेटिंगचा एक संच सापडला. नाव इंग्रजी अक्षरांत, पण शब्द आपला: दमानं.

ताईंनी स्क्रीनवरच्या त्या नावावर बोट ठेवलं.

"घाई केली का माह्याकडून फॉर्म चुकते. मंग हे मांगून म्हणत, दमानं, सुमन, दमानं."

"पुसू का?"

"पुसा. मले केंद्र चालवायचं हाय."

पुसला. संध्याकाळी फोन करून विचारलं, कसं चालतंय. "तसंच," ताई म्हणाल्या.

*

शुक्रवारी दुकानातलं दुसरं मशीन नेलं. कंपनी वेगळी, बोर्ड वेगळा. निघण्याआधी भास्करनं बायोस तपासलं होतं; साठवलेला एकही संच नव्हता. ते लावून दिलं आणि जुनं गाडीत घालून आणलं.

शनिवारी सकाळी ताईंचा फोन आला. "भाऊ, हे बी तसंच चालून राह्यलं."

आम्ही दोघं गेलो. बायोस उघडलं. पहिल्याच जागी एक संच होता. नाव तेच.

भास्करनं पुसायला हात पुढे केला.

"राहू द्या," ताई म्हणाल्या, आणि दारात बसलेल्या बाईला हाक मारली. "ये वं, कागदं आणले का?"

केंद्र चालू आहे. प्रोसेसर ०.८ वर आहे. एकही फॉर्म अजून चुकून परत आलेला नाही.