रेषेचं सगळ्यात उंच टोक

आमच्या म्हैसूरच्या घरमालकांना आजवर एकही दुकानदार फसवू शकलेला नाही, आणि याचं मुख्य कारण म्हणजे ते काही विकतच घेत नाहीत. त्यांचे पूर्वज म्हैसूरच्या फौजेत शिपाई होते. ती लढाऊ वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या झिरपत त्यांच्यापर्यंत आली तेव्हा समोर शत्रू म्हणून फक्त सेल उरले होते. पुण्याहून बदली होऊन मी म्हैसूरच्या हिनकल भागात त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला आलो आणि एका संध्याकाळी उत्साहाच्या भरात त्यांना एक वेबसाइट दाखवली. वस्तूची लिंक टाकली की तिची किंमत आजवर कशी चढली-उतरली याची रेषा दिसते, आणि आता घ्यावं की थांबावं तेही कळतं. माकडाच्या हाती कोलीत दिलं ते मीच.

त्यानंतर माझं एकही पार्सल त्यांच्या तपासणीशिवाय जिना चढलं नाही. नवे बूट पाहून ते हळहळले, "मे महिन्यात स्वल्प कमी होते की हो. घाई केलात तुम्ही." बाजारात मोगऱ्याचा ग्राफ मिळत नाही म्हणून भरवसा कसा ठेवायचा, हे ते फूलवालीला कानडीत इतका वेळ समजावत राहिले की तिने शेवटी एक गजरा फुकट देऊन त्यांना वाटेला लावलं. आयुधपूजेला सारी गल्ली आपापल्या स्कूटरींना हळदकुंकू लावत होती, तेव्हा यांनी पाटावर फोन मांडला, तोही ती वेबसाइट उघडून. कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं आणि फोन दोन दिवस बंद पडला. ते दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

या सगळ्यात भरडल्या जात होत्या त्या मालकीणबाई, आमच्या काकू. त्यांचा इडलीचं पीठ वाटायचा ग्राइंडर सुरू झाला की माझ्या फडताळातली भांडी वाजत, आणि तो स्वयंपाकघरभर फिरू नये म्हणून त्या एक पाय त्याच्यावर रोवून उभ्या राहत. नवा कुठला घ्यायचा हे त्यांनी केव्हाच ठरवलं होतं. पण एका संक्रांतीला रेषा जिथे टेकली होती तिथे ती पुन्हा टेकल्याशिवाय घ्यायचा नाही, असं मालकांचं व्रत. दसऱ्याला तो अर्ध्या किमतीत आला तरी ते विजयी मुद्रेने म्हणाले, "नोडी, बघा, आधी चढवले, मग उतरवले. बेडा, नको आम्हाला."

"रेषा खाली येईपर्यंत मी वर जाईन, अल्लवा? होय की नाही?" काकू म्हणाल्या.

पुढे मुलीच्या बाळंतपणाला काकू सरगूरला गेल्या. जाताना दारातून म्हणाल्या, "नवा ग्राइंडर आला की फोन करा, मी येते." आम्ही सगळे हसलो. बाळ झालं, बारसं झालं, तीन महिने उलटले, तरी काकू येईनात. फोन केला की म्हणत, "इथला ग्राइंडर चांगला आहे की." मालक दुकानातलं तयार पीठ आणून इडल्या करू लागले आणि निम्म्या मला आणून देऊ लागले. "स्वल्प आंबट आहे, नाही?" असं विचारत आणि उत्तर न ऐकता जिन्यातच बसून राहत. या माणसाला एकटं राहणं अजिबात जमत नव्हतं, आणि मला माझ्या त्या वेबसाइटची लाज वाटायला लागली.

एका दुपारी खाली भलामोठा खोका आला. मी सवयीने रेषा पाहिली, तर ती आजवर गेली नव्हती इतकी वर गेलेली. न राहवून मी म्हणालो, "काका, महिनाभर थांबायचं होतं."

"बघितलो की. वरच आहे." ते खोक्याची पट्टी सोलत राहिले. मग म्हणाले, "ही घरात नाही ते दिवस त्यात कुठे दाखवतात?"

तिसऱ्या दिवशी काकू आल्या. नवा ग्राइंडर इतका मुका की मालक अस्वस्थ झाले. चालू आहे की नाही ते बाहेरून कळत नाही, या सबबीवर ते स्वयंपाकघरातच स्टूल टाकून बसू लागले. काकू त्यांना ऊठ म्हणत नसत.

आता मी पुण्याला परतलोय. अधूनमधून उगाच त्या ग्राइंडरची रेषा उघडून बघतो. नंतर ती कितीदा उतरली, संक्रांतीच्याही खाली गेली, पण त्या दुपारइतकी उंच पुन्हा कधीच चढली नाही. ते टोक आमच्या मालकांचं आहे. ते पाहिलं की मला त्या दोघांची फार आठवण येते.